चित्रपटसृष्टीतून महाजालाकडे : याहूचा अनुभव आणि व्यवस्थापन-कौशल्याचे अर्थशास्त्र

एका उद्योगात अनेक वर्षे राहून मिळवलेले व्यवस्थापनाचे कौशल्य दुसऱ्या, सर्वस्वी वेगळ्या उद्योगात तितकेच उपयोगी पडते काय, हा प्रश्न अर्थशास्त्र आणि लोकप्रशासन या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांना दीर्घकाळ पडलेला आहे. ‘सामान्यज्ञ विरुद्ध विशेषज्ञ’ हा आपल्याकडील प्रशासकीय वाद याच प्रश्नाचे एक रूप होय. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी खासगी क्षेत्रातील एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. एप्रिल २००१ मध्ये ‘याहू’ या अमेरिकी इंटरनेट कंपनीने आपल्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी टेरी सेमेल यांची निवड जाहीर केली. त्या वेळी ५८ वर्षांच्या सेमेल यांची बहुतेक सारी कारकीर्द चित्रपटसृष्टीत गेली होती. १ मे २००१ पासून जून २००७ पर्यंत ते या पदावर होते. या सहा वर्षांत कंपनी संकटातून बाहेर आली, तिचा महसूल अनेक पटींनी वाढला आणि त्याच काळात महाजालावरील तिचे अग्रस्थानही गेले. हे यश आणि हे अपयश यांचे मूळ एकाच कौशल्यात कसे होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रपट उद्योगाची शाळा

सेमेल यांचा जन्म १९४३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. हिशेबशास्त्राची पदवी घेतल्यानंतर १९६५ मध्ये ते वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत विक्री विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले. मधल्या काळात इतर कंपन्यांच्या चित्रपट-वितरणाचे काम करून ते पुन्हा वॉर्नरमध्ये परतले. पुढे रॉबर्ट डाली यांच्या जोडीने त्यांनी सुमारे दोन दशके या कंपनीचे नेतृत्व केले आणि १९९९ मध्ये दोघेही एकाच वेळी बाहेर पडले. या काळात कंपनीची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरपेक्षा कमी होती ती सुमारे ११ अब्ज डॉलरपर्यंत गेली. ‘बॅटमॅन’ (१९८९) आणि ‘द मेट्रिक्स’ (१९९९) हे चित्रपट याच कालखंडातील.

चित्रपट उद्योगाची तीन आर्थिक वैशिष्ट्ये येथे लक्षात घेतली पाहिजेत. पहिले, चित्रपटाचा जवळजवळ सर्व खर्च प्रदर्शनापूर्वीच होऊन जातो आणि चित्रपट पडल्यास तो परत मिळत नाही. अर्थशास्त्रात याला ‘बुडीत खर्च’ म्हणतात. दुसरे, कोणता चित्रपट चालेल याचा अंदाज बांधता येत नाही. अनेक चित्रपटांचा तोटा मोजके यशस्वी चित्रपट भरून काढतात. म्हणून धोका वाटून घेण्यासाठी भागीदार शोधणे आणि प्रत्येक प्रकल्पाची किंमत काटेकोरपणे बांधून ठेवणे ही या धंद्याची मूलभूत शिस्त ठरते. तिसरे, तोच चित्रपट आधी चित्रपटगृहात, मग घरगुती चित्रफितीवर व तबकडीवर आणि नंतर दूरचित्रवाणीवर असा टप्प्याटप्प्याने विकला जातो. प्रत्येक टप्प्यावरील ग्राहक वेगळा आणि किंमतही वेगळी. हे कालानुसार केलेल्या मूल्यभेदाचे उत्तम उदाहरण होय. डीव्हीडी तबकडी भाड्याने देण्याऐवजी परवडणाऱ्या दरात थेट ग्राहकाला विकण्याच्या धोरणात वॉर्नर कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आघाडीवर होती.

या शाळेत तयार झालेला व्यवस्थापक वाटाघाटीत निष्णात असतो. जाहिरातदार, वितरक, कलावंत आणि वित्तपुरवठादार यांना एकत्र आणणे त्याला जमते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किंमत अवाजवी वाटली तर तो शांतपणे उठून जाऊ शकतो, कारण एक पटकथा हातची गेली तर दुसरी येणार याची त्याला खात्री असते.

याहूपुढील संकट

याहूची सुरुवात १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी केली. महाजालावरील संकेतस्थळांची विषयवार सूची असे तिचे मूळ स्वरूप होते. १९९५ मध्ये तिची कंपनी झाली आणि एप्रिल १९९६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. बातम्या, टपाल, शेअरबाजाराचे भाव, खेळ अशा अनेक सेवा विनामूल्य देणारे हे ‘प्रवेशद्वार’ जाहिरातींच्या उत्पन्नावर चालत असे.

या उत्पन्नात एक गंभीर दोष दडलेला होता. जाहिरातदारांमध्ये नवजात इंटरनेट कंपन्यांचा वाटा मोठा होता आणि त्या कंपन्यांचा जाहिरात खर्च ग्राहकांकडून आलेल्या पैशातून नव्हे, तर साहस-भांडवलातून भागत होता. मार्च २००० मध्ये नॅसडॅक निर्देशांकाने ५००० ची पातळी ओलांडून उच्चांक गाठला आणि त्यानंतर तो कोसळू लागला. भांडवलाचा ओघ आटताच नव्या कंपन्या बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर याहूचे जाहिरातदारही नाहीसे झाले. २००० मध्ये १.११ अब्ज डॉलर असलेला याहूचा महसूल २००१ मध्ये सुमारे ७१ कोटी ७० लाख डॉलरवर आला. म्हणजे एका वर्षात तो एक तृतीयांशाहून अधिक घटला. जानेवारी २००० मध्ये गगनाला भिडलेल्या समभागाची किंमत वर्षभरातच त्याच्या अल्पशा अंशावर आली.

याच सुमारास चित्रपट आणि इंटरनेट यांच्या संगमाची मोठी चर्चा चालू होती. जानेवारी २००० मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीने, वॉर्नर ब्रदर्सची मालकी असलेल्या टाइम वॉर्नरशी विलीनीकरण घोषित केले आणि ते जानेवारी २००१ मध्ये पूर्ण झाले. सेमेल यांची जुनी कंपनी अशा रीतीने एका इंटरनेट कंपनीच्या छत्राखाली गेली. हे विलीनीकरण पुढे फसले. २००२ या एका वर्षात संयुक्त कंपनीला सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला आणि २००९ मध्ये दोन्ही कंपन्या विभक्त झाल्या. याहूने संपूर्ण चित्रपट कंपनीऐवजी चित्रपटसृष्टीतील एक व्यवस्थापक आणला, हा मार्ग निःसंशय अधिक स्वस्त होता.

जे कौशल्य उपयोगी पडले

सेमेल यांना संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नव्हती. तथापि २००१ मधील याहूचे दुखणे तांत्रिक नव्हते. ते व्यापारी होते. उत्पन्नाचा एकच मार्ग, विस्कळीत अंतर्गत रचना आणि पारंपरिक मोठ्या जाहिरातदारांशी दुरावा ही त्या दुखण्याची कारणे होती. त्यांवरील उपाय चित्रपट उद्योगात शिकता येण्याजोगे होते.

सेमेल यांनी चाळीसहून अधिक व्यवसाय-विभाग एकत्र करून त्यांची संख्या मोजकीच ठेवली. नोव्हेंबर २००१ मध्ये सुमारे ४०० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर झाली. या पुनर्रचनेची किंमत सामान्य कर्मचाऱ्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही. मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांशी आणि जाहिरातसंस्थांशी संबंध नव्याने जोडण्यात आले. अतिरिक्त टपालपेटी, नोकरीविषयक सेवा, दूरसंचार कंपनीच्या भागीदारीत वेगवान इंटरनेट जोडणी अशा सशुल्क सेवांतून उत्पन्नाचे नवे स्रोत निर्माण झाले. एकच आशय निरनिराळ्या खिडक्यांतून विकण्याची चित्रपटसृष्टीची सवय येथे कामी आली.

परिणाम लवकरच दिसला. २००२ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली. महसूल २००२ मध्ये सुमारे ९५ कोटी डॉलर, २००४ मध्ये ३.५७ अब्ज आणि २००६ मध्ये ६.४३ अब्ज डॉलर झाला. मात्र आकडेवारी वाचताना विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. २००३ नंतरच्या महसुलात भागीदार संकेतस्थळांना चुकत्या केलेल्या मोठ्या रकमाही समाविष्ट आहेत. म्हणून ही सर्व वाढ कंपनीच्या स्वतःच्या कमाईची नव्हे. तरीही संकटातून सावरण्याचे कार्य यशस्वी झाले, याबद्दल दुमत नाही.

नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मानवी भांडवलाचे ‘सर्वसाधारण’ आणि ‘विशिष्ट’ असे दोन प्रकार सांगितले. सर्वसाधारण भांडवल कोठेही उपयोगी पडते. विशिष्ट भांडवलाचे मोल ज्या संस्थेत ते मिळवले तेथेच असते. पुढील अभ्यासकांनी यात उद्योगविशिष्ट कौशल्याची भर घातली. खर्चावरील नियंत्रण, वाटाघाटी, संघटन ही सेमेल यांची सर्वसाधारण कौशल्ये होती आणि ती सहज स्थलांतरित झाली. खरा प्रश्न उद्योगविशिष्ट निर्णयशक्तीचा होता.

शोधयंत्राचे अर्थशास्त्र

महाजालावरील सर्वांत मौल्यवान जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर याच वर्षांत बदलत होते. चित्रपट व दूरचित्रवाणीच्या जगात मूल्य प्रेक्षकसंख्येत असते. जेथे गर्दी जास्त तेथे जाहिरात महाग. शोधयंत्रावर येणारा मनुष्य मात्र आपल्याला काय हवे आहे ते स्वतःच टंकलिखित करून सांगतो. ‘स्वस्त विमानतिकीट’ असे शब्द लिहिणाऱ्या एका व्यक्तीचे मोल प्रवास कंपनीच्या दृष्टीने बातम्या वाचणाऱ्या हजारो व्यक्तींपेक्षा अधिक असू शकते.

याहूने शोधसेवा ही बाहेरून विकत घ्यावयाची साधनसामग्री मानली होती. हे धोरण सेमेल यांच्या आगमनापूर्वीचे होते. २००० पासून याहूच्या संकेतस्थळावरील शोधाचे काम गूगल करीत असे, आणि त्यामुळे याहूच्या कोट्यवधी वापरकर्त्यांपुढे भावी प्रतिस्पर्ध्याचीच गुणवत्ता सिद्ध होत होती. ही चूक उमगल्यावर सेमेल यांनी मार्च २००३ मध्ये इन्कटोमी ही शोधयंत्र कंपनी सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. त्याच वर्षी ओव्हरचर ही शोध-जाहिरातींची प्रवर्तक कंपनी १.६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये गूगलची सेवा बंद करून याहूने स्वतःचे शोधयंत्र सुरू केले. वाटाघाटीच्या दृष्टीने या खरेदी उत्तम होत्या. अडचण पुढे आली.

शोधाच्या निकालाशेजारी जाहिरातींचा क्रम लिलावाने ठरतो. जाहिरातीवर वापरकर्त्याने टिचकी मारली तरच जाहिरातदार पैसे देतो. ओव्हरचरच्या पद्धतीत जो अधिक बोली लावील त्याची जाहिरात वर येत असे. गूगलने २००२ पासून बोलीबरोबरच जाहिरातीवर किती लोक टिचकी मारतात हेही विचारात घेतले. साध्या उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, ‘अ’ने प्रत्येक टिचकीसाठी १० रुपये बोली लावली, पण त्याची जाहिरात पाहणाऱ्या १०० लोकांपैकी एकच ती उघडतो. ‘ब’ची बोली ४ रुपये आहे, पण त्याची जाहिरात १०० पैकी ५ लोक उघडतात. केवळ बोली पाहिली तर ‘अ’ वर येतो आणि शोधयंत्राला १०० दर्शनांमागे १० रुपये मिळतात. दोन्ही घटकांचा गुणाकार केला तर ‘ब’ वर येतो आणि २० रुपये मिळतात. शिवाय वापरकर्त्याला अधिक उपयुक्त जाहिरात दिसते, त्यामुळे तो पुन्हा त्याच शोधयंत्राकडे वळतो.

हा फरक लहान वाटतो. परंतु कोट्यवधी शोधांवर त्याचा परिणाम प्रचंड होतो. याहूने ‘पनामा’ या नावाने अशीच पद्धती विकसित करण्याचे काम हाती घेतले. ते लांबत गेले आणि अमेरिकेत नवी क्रमवारी फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली. तोवर पाच वर्षे निघून गेली होती. २००४ मध्ये याहूचा महसूल ३.५७ अब्ज आणि गूगलचा ३.१९ अब्ज डॉलर होता. २००५ मध्ये याहू ५.२६ अब्जांवर, तर गूगल ६.१४ अब्जांवर होते. २००६ मध्ये हेच आकडे ६.४३ अब्ज आणि १०.६ अब्ज असे झाले. याहू वाढत होते. पण स्पर्धक त्याहून कितीतरी वेगाने वाढत होता.

नकाराची किंमत

२००२ मध्ये याहूने गूगल विकत घेण्यासंबंधी बोलणी केली होती. सुमारे तीन अब्ज डॉलरपर्यंत जाण्याची याहूची तयारी आणि पाच अब्जांच्या आसपासची अपेक्षा यांत मेळ न बसल्याने ती फिसकटली, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतून दिसते. २००६ मध्ये फेसबुकसाठी एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव चर्चेत होता. पनामाच्या विलंबाच्या बातमीने याहूचा समभाग घसरल्यावर हा आकडा खाली आणण्यात आला आणि बोलणी थांबली, असेही वृत्त आहे.

या दोन्ही प्रसंगी सेमेल यांनी चित्रपट उद्योगातील शिस्त पाळली. अवाजवी किंमत मागितली जात असेल तर उठून जावे, ही ती शिस्त. चित्रपटाच्या बाबतीत ती योग्यच आहे. एका चित्रपटाचे जास्तीत जास्त उत्पन्न किती, याला मर्यादा असते आणि पर्यायी पटकथा पुष्कळ असतात. म्हणून जास्त पैसे मोजणे ही मोठी चूक, तर संधी सोडणे ही लहान चूक ठरते.

जाल-उद्योगात हे समीकरण उलटे होते. येथे ‘जाल-परिणाम’ कार्य करतो. वापरकर्ते वाढले की सेवेची उपयुक्तता वाढते, उपयुक्तता वाढली की आणखी वापरकर्ते येतात. वाढत्या प्रतिफलाच्या अशा उद्योगात एक-दोन कंपन्याच शिल्लक राहतात आणि त्यांना पर्याय उरत नाही. जास्त किंमत मोजल्याने होणारे नुकसान त्या किमतीपुरते मर्यादित असते. संधी गमावल्याचे नुकसान मात्र अमर्याद होऊ शकते. २००१ मध्ये ज्या काटकसरीने याहूला वाचविले, तीच काटकसर पुढील निर्णयांत महागात पडली, असे म्हणता येईल.

मात्र येथे पश्चात्दृष्टीचा दोष टाळला पाहिजे. २००२ मध्ये गूगलचा वार्षिक महसूल सुमारे ४४ कोटी डॉलर होता. तंत्रज्ञान कंपन्यांच्या किमतींचा फुगा नुकताच फुटलेला असताना पाच अब्ज डॉलर मोजणे हे भागधारकांना रुचले असते काय, हा रास्त प्रश्न आहे. शिवाय याहूच्या मालकीखाली गूगल तसेच वाढले असते, असेही गृहीत धरता येत नाही. शिस्त हा गुण होताच; ज्या परिस्थितीत तो गुण राहतो ती परिस्थिती बदलली होती.

आशय कोणाचा?

नोव्हेंबर २००४ मध्ये याहूने एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीचे माजी प्रमुख लॉइड ब्राऊन यांना माध्यम विभागाचे प्रमुख केले. हा विभाग लॉस एंजेलिसजवळील सँटा मोनिका येथे होता. खास महाजालासाठी कार्यक्रम तयार करावेत, अशी अपेक्षा होती. हा प्रयोग फारसा पुढे गेला नाही आणि २००६ च्या अखेरीस ब्राऊन बाहेर पडले. दरम्यान लोकांनी स्वतः तयार केलेल्या आशयाचे मोल वाढत होते. याहूने २००५ मध्ये छायाचित्रांच्या देवघेवीची ‘फ्लिकर’ ही सेवा घेऊन त्या दिशेने पाऊल टाकले होते. पण चलचित्रांच्या क्षेत्रात ऑक्टोबर २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरना यूट्यूब घेण्याचा करार गूगलने केला. चित्रपट एकदा पूर्ण झाला की बदलत नाही. इंटरनेट सेवा कधीच पूर्ण होत नाही. याहूमध्ये अभियंता आणि आशयनिर्माता यांपैकी नेतृत्व कोणाचे, याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही.

चीनमधील दोन धडे

या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी निर्णय ऑगस्ट २००५ मधील होय. याहूने एक अब्ज डॉलर आणि आपला चीनमधील व्यवसाय देऊन अलिबाबा या कंपनीचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. यात जेरी यांग यांचा मोठा वाटा होता. २०१२ मध्ये यातील जवळपास निम्मा हिस्सा परत विकून याहूला सुमारे ७.६ अब्ज डॉलर मिळाले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये अलिबाबाच्या समभाग-विक्रीत आणखी नऊ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम करपूर्व मिळाली. स्वतःला न जमणारी गोष्ट जाणकार भागीदारावर सोपविण्याची चित्रपटसृष्टीतील रीत येथे यशस्वी ठरली.

दुसरा धडा वेदनादायक आहे. एप्रिल २००५ मध्ये शी ताओ या चिनी पत्रकाराला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. शासकीय सूचनेचा तपशील टपालाद्वारे परदेशी पाठविल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांच्या खात्याची माहिती याहूच्या हाँगकाँगस्थित उपकंपनीकडून तपासयंत्रणेला मिळाली होती. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कंपनीला याबद्दल उत्तर द्यावे लागले आणि संबंधित कुटुंबीयांशी तडजोड करावी लागली. शी ताओ यांची सुटका २०१३ मध्ये झाली. चित्रपट कंपनीचा परदेशातील नियामकाशी मतभेद झाला तर दृश्य कापले जाते किंवा चित्रपट अडतो. टपालसेवा देणाऱ्या कंपनीजवळ नागरिकांची खासगी पत्रे असतात. तेथे माणसाचे स्वातंत्र्यच पणाला लागते. उद्योग बदलला की नफ्याबरोबर जबाबदारीचे स्वरूपही बदलते.

मोबदला आणि उत्तरदायित्व

सेमेल यांचा मोबदला मुख्यतः समभाग-पर्यायांच्या रूपात होता. २००६ मध्ये तर त्यांचे मूळ वेतन नाममात्र एक डॉलर ठरविण्यात आले. तरीही पर्यायांचे मूल्य धरून त्या वर्षीचा त्यांचा मोबदला सात कोटी डॉलरपेक्षा अधिक होता, असे गणित मांडण्यात आले. मालक आणि व्यवस्थापक यांचे हितसंबंध एक व्हावेत यासाठी समभाग-पर्याय दिले जातात. ‘मुख्य-अभिकर्ता समस्ये’वरील तो उपाय मानला जातो. परंतु बाजाराच्या सर्वसाधारण तेजीमुळे वाढलेली किंमत आणि व्यवस्थापकाच्या कर्तृत्वाने वाढलेली किंमत यांत हे पर्याय भेद करीत नाहीत. जून २००७ च्या वार्षिक सभेत भागधारकांचा असंतोष व्यक्त झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सेमेल यांनी मुख्य कार्यकारी पद सोडले. जेरी यांग त्यांच्या जागी आले.

पार्श्वभूमी पुरेशी नसते

२००१ मध्येच गूगलनेही अनुभवी बाहेरचा माणूस नेमला होता. एरिक श्मिट हे संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेले अभियंता होते आणि गूगलचे दोन्ही संस्थापक निर्णयप्रक्रियेत त्यांच्या बरोबरीने राहिले. यावरून अभियंत्यालाच पद द्यावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. यांग यांच्या काळात, २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने याहूसाठी सुमारे ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले आणि याहूने नकार दिला. २०१२ मध्ये गूगलमधील अभियंता मरिसा मायर यांच्याकडे सूत्रे आली; त्यांनाही कंपनीचे पूर्ववैभव परत आणता आले नाही. जून २०१७ मध्ये याहूचा मूळ व्यवसाय ४.४८ अब्ज डॉलरना व्हेरायझन कंपनीकडे गेला.

चित्रपटसृष्टीतून महाजालाकडे येण्याचा ओघ पुढेही चालू राहिला. जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी सुमारे १.७५ अब्ज डॉलर भांडवल उभारून स्थापन केलेली ‘क्विबी’ ही लघुचित्रसेवा एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंद पडली. तिच्या मुख्य कार्यकारी मेग व्हिटमन यांना तर ईबे या इंटरनेट कंपनीचा दीर्घ अनुभव होता. दोन्ही प्रकारचे ज्ञान एकाच छताखाली असूनही यशाची हमी मिळाली नाही.

भारताच्या संदर्भात

भारतात याच वाटेवरील ठळक उदाहरण मुंबईतील रॉनी स्क्रूवाला यांचे आहे. १९९० मध्ये त्यांनी यूटीव्ही ही कंपनी स्थापन केली. ‘स्वदेस’ आणि ‘रंग दे बसंती’ यांसारख्या चित्रपटांशी तिचे नाव जोडलेले आहे. कंपनी डिस्नेकडे गेल्यानंतर २०१५ मध्ये ते ‘अपग्रॅड’ या ऑनलाइन उच्चशिक्षण कंपनीचे सहसंस्थापक झाले. येथे चित्रपटसृष्टीतील व्यक्ती आयत्या कंपनीत न जाता आरंभापासून सहकाऱ्यांसह नवी कंपनी घडवीत होती, हा महत्त्वाचा फरक होय.

याहूच्या भारतातील वाटचालीवर धोरणांचा थेट परिणाम झाला. डिजिटल वृत्तमाध्यमांतील थेट परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा घालण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१९ मध्ये घेतला. या नियमांचा हवाला देऊन याहूने ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातील बातम्या, क्रिकेट आणि अर्थविषयक आशयसेवा बंद केल्या. टपालसेवा चालू राहिली. नागरिकांच्या माहितीच्या रक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला.

लोकप्रशासनाच्या अभ्यासकांना यातून आणखी एक धागा मिळतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००८ मधील आपल्या दहाव्या अहवालात वरिष्ठ पदांवर बाहेरील गुणवंतांना संधी देण्याचा विचार मांडला. माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील नंदन निलेकणी २००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. २०१८ मध्ये केंद्राने सहसचिवांच्या दहा पदांसाठी थेट प्रवेशाची जाहिरात दिली; ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात सामाजिक न्यायाच्या प्रश्नावरून मागे घेण्यात आली. बाहेरून आलेल्या व्यक्तीचे कोणते कौशल्य सर्वसाधारण आणि कोणते उद्योगविशिष्ट, कोणती समस्या सोडविण्यासाठी तिला बोलावले आहे आणि समस्या बदलल्यावर कोण निर्णय घेणार, हे प्रश्न शासनातही तितकेच लागू पडतात.

समारोप

याहूने २००१ मध्ये केलेली निवड चुकीची होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या वेळच्या संकटावर ती योग्य उपाय होती. संकट संपले, प्रश्न बदलला, परंतु उत्तर देणारी सवय तीच राहिली. चित्रपट व्यवसायात जे शहाणपण तीन दशके सिद्ध झाले, ते जाल-उद्योगाच्या वाढत्या प्रतिफलापुढे अपुरे पडले. यावरून बाहेरच्या व्यक्तीला दार बंद करावे, असा बोध घेण्याचे कारण नाही. अनुभव हे भांडवल आहे, आणि प्रत्येक भांडवलाप्रमाणे त्याचेही मूल्य ते कोठे व केव्हा गुंतविले जाते यावर ठरते. नेतृत्व निवडणाऱ्या संस्थेने हे मूल्यमापन निवडीच्या दिवशी करून थांबू नये. परिस्थिती पालटेल तसे ते पुनःपुन्हा केले पाहिजे.